पाकिटावरचे दुसरे नाव

वाचकहो, आज आरंभीच एक कबुली देतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दवाखान्यात नियमित येणाऱ्या बहात्तर वर्षांच्या एका आजींचे पाय सुजू लागले. रक्तदाबासाठी मीच त्यांना अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी देत असे. महिन्यापूर्वी न्यूमोनियासाठी त्या रुग्णालयात राहून आल्या होत्या. मी छाती तपासली, पाय दाबून पाहिले आणि सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली. चौथ्या रात्री न्हाणीघराकडे जाताना भोवळ येऊन आजी पडल्या. मनगटाचे हाड मोडले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी औषधांची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेली रक्तदाबाची गोळी वेगळ्या नावाची, वेगळ्या रंगाच्या पाकिटातली होती. आजी जुनी गोळी सकाळी आणि ‘नवी’ रात्री घेत होत्या. दोन्ही पाकिटांवर बारीक अक्षरांत एकच शब्द होता, अ‍ॅम्लोडिपिन. पायांवर सूज येणे हा या औषधाचा परिचित दुष्परिणाम. मात्रा वाढली की तोही वाढतो. त्यावर उपाय म्हणून मी तिसरी गोळी चढवली होती. ती पिशवी मी आधीच मागायला हवी होती.

एकाच औषधाला इतकी नावे का? प्रत्येक औषधाला एक लांबलचक रासायनिक नाव असते. ते आपल्या कामाचे नाही. दुसरे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये अशा नावांची व्यवस्था आखली आणि १९५३ मध्ये पहिली यादी प्रसिद्ध केली. या नावांना आडनावासारखे शेपूट असते. ‘डिपिन’, ‘प्रिल’, ‘सार्टन’ ही शेपटे बहुधा रक्तदाबाच्या औषधांची, ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलच्या. शेपूट एक, तर घराणे एक. तिसरे नाव कंपनीने ठेवलेले, ठळक आणि तोंडात बसणारे. तेच आपण लक्षात ठेवतो आणि तिथेच फसतो.

औषध बाजारात येते ते मात्र बरेच उंबरे ओलांडून. आपल्याकडे याचा पाया १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. नव्या औषधाची चाचणी प्रथम मोजक्या व्यक्तींवर, मग काही रुग्णांवर, नंतर मोठ्या संख्येने रुग्णांवर होते. पुरावा पटला तर दिल्लीतील केंद्रीय संघटना मान्यता देते. उत्पादनाचे आणि विक्रीचे परवाने साधारणतः राज्याचे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. एकदा औषध मान्य झाले की अनेक कंपन्या परवाना घेऊन ते आपापल्या नावाने विकू शकतात. आजींच्या पिशवीतली दोन्ही पाकिटे पूर्णपणे कायदेशीर होती.

नावांच्या या गोंधळाची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. मलेरियावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या नावांच्या वादात २००१ साली न्यायालयाने सांगितले, की औषधांच्या नावांतील साम्य इतर वस्तूंपेक्षा अधिक कठोरपणे तपासले पाहिजे. पुढे २०१८ मध्ये, एकच औषध असलेल्या गोळीच्या पाकिटावर मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम आला. ते पाकीट हाती आले तेव्हा मला आजींची आठवण झाली.

परंतु नियम पाकिटापर्यंतच पोहोचतो. घरातल्या डब्यापर्यंत तुम्हालाच पोहोचावे लागते. एका वहीत प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कारण लिहून ठेवा. रुग्णालयातून घरी आल्यावर जुनी आणि नवी पाकिटे शेजारी ठेवून मूळ नावे ताडून पाहा. औषधविक्रेत्याने पाकीट कापून दिले, तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग मागून घ्या. मुलांकडे अमेरिकेला जाणार असाल, तर एवढे ध्यानात असू द्या, की आपले पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून मिळते. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही ते असते. शंका आली तरी स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

आजींचे मनगट जुळले, पण पोळ्या लाटताना ते दुखत राहिले. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला मी नाडी पाहण्याआधी एकच सांगतो, ‘पिशवी दाखवा.’ तुमचे डॉक्टर विसरले, तर न संकोचता तुम्हीच ती त्यांच्या टेबलावर उपडी करा.