छप्पर तोलणारे खांब

आज दिवसभर मनात आयडरश्टेटची ‘हाउबार्ग’ घरं घोळत होती. जर्मनीच्या उत्तर टोकाला, समुद्रालगतच्या या सपाट द्वीपकल्पावर सोळाव्या-सतराव्या शतकांत डच प्रदेशातून ही बांधणी आली. बाहेर विटांच्या ठेंगण्या भिंती आणि वर बोरूनं शाकारलेलं अवाढव्य छप्पर. काहींची उंची 15 मीटरहून अधिक. त्याच छपराखाली माणसं, गुरं, धान्य आणि मधोमध आढ्यापर्यंत रचलेलं वाळलं गवत.

मला सगळ्यात भावतो तो आतला सांगाडा. छपराचा भार भिंतींवर नाहीच, तो आतल्या भक्कम लाकडी खांबांवर. पुराच्या लाटांनी विटा ढासळल्या, तरी छप्पर उभं राहावं आणि वर चढलेली माणसं वाचावीत. 1634 च्या ऑक्टोबरात याच किनारपट्टीवर समुद्रानं एका रात्रीत हजारो जीव घेतले. अशा भूमीवरच्या शेतकऱ्यानं भिंत कधीतरी जाणार, हे बांधतानाच धरलं होतं.

आता अशी मोजकीच घरं उरली आहेत. विट्झवोर्टचा ‘रोटर हाउबार्ग’ संग्रहालय म्हणून टिकला. बाकीचीही टिकायला हवीत. संकट गृहीत धरून बांधण्याचं इतकं प्रामाणिक शहाणपण आपल्या नव्या इमारतींत मला क्वचितच दिसतं.