मावळचा वाटा

जून सरता सरता मावळात ढग इतके खाली येतात की लोहगडाचा विंचूकाटा दिसेनासा होतो. डोळ्यांत भरते ती फक्त भातखाचरांतल्या रोपांची हिरवी पोपटी चौकट. बाहेरच्या माणसाला मावळ बहुतेक एवढाच ठाऊक असतो: धुके, भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून ओसंडणारे पाणी, चिक्कीची दुकाने आणि घाटात खोळंबलेल्या मोटारी. तो मावळ खोटा नाही, पण फार अपुरा आहे. लोकांची कामे कशी उभी राहतात आणि पुढारपण कशाला म्हणावे, या प्रश्नाला या एका टापूने गेल्या दोन हजार वर्षांत जितकी उत्तरे पाहिली तितकी फार थोड्या ठिकाणांनी पाहिली असतील. मला वाटते, काम किती मोठे झाले यावरून पुढाऱ्याची परीक्षा होत नाही. त्या कामात कुणाचा किती वाटा आहे, हे तो मानतो का आणि त्याची नोंद ठेवतो का, यावर ती ठरते.

कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे या दृष्टीने पाहावे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे अभिमानाने कोरून ठेवले आहे. धनवंताने असा लेख कोरावा यात नवल नाही. लक्षात राहतात ते दुसरे लेख. खांबांवर आणि दाराशी एकेका दात्याचे नाव आहे. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा एक गंधिक आहे, आणि दाराशी सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. ज्याच्या हाताने काम झाले, त्याचे नावही दगडावर टिकले. अर्थात याच लेण्यात दुसरी बाजूही आहे. भिक्षूंच्या वर्षावासासाठी राजघराण्यातल्या उषवदाताने करजिक हे अख्खे गाव दान दिले, आणि त्या गावाने काय म्हटले हे कोणत्याच खांबावर नाही. म्हणजे वाट्याची नोंद आणि न विचारता घेणे, या दोन्ही रीती इथे एकाच कातळात शेजारी शेजारी कोरलेल्या आहेत.

इंग्रजी अमलात दुसरी रीत बळावली. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याआधी १८६१ च्या आरंभी या चढावर चाळीस हजारांहून अधिक मजूर एकाच वेळी राबत होते. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ मध्ये त्यांनी दंगा केला आणि मूळ कंत्राटदाराला काम सोडावे लागले. बोगद्यांचे श्रेय पुढे अभियंत्यांना मिळाले. मजुरांची नावे कुठे लावावीत, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मग पाण्याची पाळी आली. इंद्रायणीचे पाणी स्वभावतः पूर्वेला, भीमेकडे जाणारे. लोणावळा, वलवण आणि शिरोता इथे बंधारे घालून ते नळांतून पश्चिमेला खोपोलीत उतरवले आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. टाटांच्या या कंपनीचे भांडवल १९१० मध्ये हिंदी लोकांनी आणि संस्थानिकांनी उभे केले, ही त्या काळी थोर गोष्ट होती आणि मी ती कमी लेखणार नाही. तरीही ज्यांनी पैसे दिले त्यांना भाग मिळाला आणि ज्यांनी जमीन दिली त्यांना मोबदला. हा फरक पुढची शंभर वर्षे पुरला. शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह मांडला तेव्हा मावळ्यांची मागणी पैशांची नव्हती, जमिनीची होती. पुण्यात राहणाऱ्या सावकार-जमीनदारांनी भरपाई घेतली आणि कसणारा उघडा पडला.

त्याच काळात तळेगाव दाभाडेला वेगळेच काही घडत होते. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभा राहावा. टिळकांनी तिला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली इथे मुले भट्टीवर उभी राहून नळीने काच फुंकायला शिकली आणि पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेली. कंदिलाच्या काचेसारखी साधी वस्तू, पण तिच्यात हजारो घरांतला एकेक पैसा होता. काळे हे मला मोठे पुढारी वाटतात. ज्याच्याकडे देण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, त्यालाही त्यांनी देणारा मानले.

यावर आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पै-पै जमवून काचेची भट्टी पेटते, धरण बांधता येत नाही. १९७२ च्या पवना धरणाशिवाय पिंपरी-चिंचवडच्या लाखो कामगारांची तहान भागली नसती, आणि ते कामगारही बहुतेक गाव सोडून आलेलेच आहेत. २००२ पासून पूर्ण सुरू असलेल्या द्रुतगती मार्गाचा लाभ मावळच्या भाजीवाल्यालाही होतो. प्रत्येकाला विचारत बसलो तर काहीच उभे राहणार नाही, असे अधिकारी म्हणतात. पण न विचारताही कामे अडतातच, हे मावळनेच दाखवले आहे. पवना धरणातून बंद जलवाहिनी नेण्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ गोळीबार झाला, तिघांचे प्राण गेले, आणि ते काम दशकभराहून अधिक काळ थांबले. याच पुणे जिल्ह्यात हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन न विकता एकत्र केली आणि नगर वसवताना स्वतः भागधारक झाली. तिथे शहराच्या कडेची चढ्या भावाची जमीन होती, मावळातल्या वरकस जमिनीला ते गणित जसेच्या तसे लागू पडणार नाही, हेही खरे. मात्र जमीन देणारा भागीदार होऊ शकत नाही, हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

आता दडपण वेगळे आहे. तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये आला आणि २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले; सप्टेंबर २०२२ मध्ये इथेच येऊ घातलेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत गेला म्हणून राज्यभर गदारोळ झाला. दोन्ही वेळा कोण आले, कोण गेले याची चर्चा पुष्कळ झाली, पण ज्यांच्या जमिनींवर हे पट्टे उभे राहतात त्यांचा त्यात चालू वाटा कोणता, हे फारसे कुणी विचारले नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पाला ७० टक्के बाधितांची संमती लागते. शासन स्वतःसाठी जमीन घेते तेव्हा ती लागत नाही. सामाजिक परिणामांवरची जनसुनावणी मात्र कायद्यात आहे. ती खरीच ऐकण्यासाठी घ्यायची असेल, तर निदान तारीख लावणीच्या पंधरवड्यात ठेवू नये. त्या दिवसांत अख्खे गाव गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले घेऊन, इंद्रायणी भाताची रोपे खोचत वाकलेले असते, आणि पाऊस थांबण्याची वाट कुणी पाहू शकत नाही.