सव्वा तासाचे अंतर

आमच्या घरी सुरत हे गाव फार लांबचे होते. आजीची थोरली बहीण लग्न होऊन तिकडे गेली. यजमान कापडगिरणीत होते. बेळगावहून रात्रीची बस धरून मुंबई गाठायची, तेथून पुन्हा रेल्वेने २६३ किलोमीटर. वाटेतले ताटकळणे धरून दीड दिवस जायचा. आधी शेती, मग मुलींची लग्ने, मग आजोबांचे आजारपण. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता दोघी बहिणींना भेटून बावीस वर्षे लोटली.

डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव-सुरत विमान सुरू झाले. फेब्रुवारीत बाबांनी दोन तिकिटे काढली. एक आजीचे, दुसरे सोबतीला माझे. मी तेव्हा शाळेत होतो. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजले, तर सरळ रेषेत सुमारे ६२० किलोमीटर भरले. सांबऱ्याहून ते पन्नास आसनांचे छोटे विमान उडाले, तशी आजीने डोळे मिटून हरिपाठ सुरू केला. सव्वा तासाने चाके जमिनीला लागली.

“आली सुरत?”

“आली.”

“एवढंच? मग बावीस वर्षं कुठं गेली रे?”

मला उत्तर देता आले नाही.

उधन्याला अक्काआजींनी दार उघडले आणि “कोण छे?” असे गुजरातीत विचारले. आजीने तोंडावरचा मास्क खाली ओढला. “अक्का, मी गं.” मग दोघी कितीतरी वेळ हातात हात घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला तापीकाठचा किल्ला दाखवला. १६०७ साली इंग्लंडहून निघालेला कॅप्टन हॉकिन्स ऑगस्ट १६०८ मध्ये याच तापीच्या मुखाशी पोहोचला, हे पुढे इतिहासाच्या तासाला शिकलो. वर्षाहून अधिक काळ लागला. पण दोष वाऱ्याचा आणि समुद्राचा. आमच्या बावीस वर्षांचा दोष कोणाला द्यायचा? दीड दिवसाची वाट काही बावीस वर्षांची नव्हती. लांब होती ती सुरत नव्हे. लांबणीवर पडत होते ते आमचे निघणे.

निघताना अक्काआजी म्हणाल्या, “आता लवकर ये. सव्वा तासाचं तर काम!” आजीने दिवाळीचा शब्द दिला.

मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अक्काआजी गेल्या. टाळेबंदी होती. सव्वा तासाचे अंतर पुन्हा तोडता येईना. फोन ठेवून आजी बराच वेळ परसातल्या तुळशीपाशी उभी होती. मग एवढेच म्हणाली, “फेब्रुवारीत गेलो ते बरं झालं बघ.”

आता वसतिगृहात असताना घरून फोन आला, की ‘परीक्षा झाली की येतो’ असे तोंडाशी येते. घर बसने तीन तासांवर आहे. मग मी शनिवारची बस पकडतो.