मागचे पाय

पक्ष्यांची चित्रं काढून मी पोट भरतो. रेघ मारायला ड्रॉइंगच्या सरांनी शिकवलं, ते उपकार आहेतच. पण पक्ष्याचा पाय अंगाला नेमका कुठे जोडलेला असतो, हे पाहायला शिकवलं ते पवनारला धाम नदीवर जाळं टाकणाऱ्या ढिवरमामांनी.

एकदा त्यांच्या जाळ्यात टिबुकली अडकली. धागा दातांनी तोडून त्यांनी तिला सोडवलं आणि क्षणभर ओल्या वाळूवर ठेवलं. ती छातीवरच पडली. उठू गेली, की पुढे कलंडायची. "पाह्य बापू," मामा म्हणाले, "पाय पार मांगं हायेत याचे. पान्यात राजा, जमिनीवर लंगडा." मग तिचा पाय स्वतःच्या बोटावर घेऊन दाखवला. बदकासारखा पडदा नाही. प्रत्येक बोटाला वेगळी चपटी पाळी, वल्ह्याच्या पात्यासारखी. दाखवून झाल्यावर तिला पाण्यात सोडलं. ती बुडाली ती पार पलीकडे निघाली.

पुढे मुलांच्या एका मासिकानं हेस्परॉर्निसचं चित्र मागितलं. आठेक कोटी वर्षांपूर्वीचा, सहा फूट लांबीचा, न उडणारा पाणपक्षी. धामच्या पात्रातला काळा खडक साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे आपली जमीन लाव्हातून घडण्याआधीच याचा खेळ आटोपला होता. उत्तर अमेरिकेच्या मधोमध तेव्हा समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या कान्सासच्या खडूत 1871मध्ये ओथनिएल मार्श यांना याची हाडं सापडली. पंखाचं जेमतेम एक हाड उरलेलं, जबड्यात मात्र दात! मार्श यांचा सचित्र ग्रंथ 1880मध्ये आला, तेव्हा खुद्द डार्विननं पत्र लिहून त्यांची पाठ थोपटली.

त्या ग्रंथातला सांगाडा मात्र दोन पायांवर उभा आहे, आणि पुढे कित्येक चित्रकारांनी याला किनाऱ्यावर पेंग्विनसारखा ताठ उभा केला. दिसतो रुबाबदार, यात शंका नाही. पण याचे पाय पार मागे, बाजूला फाकलेले. जमिनीवर तो पोटानं घसटत सरकत असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. बोटांनाही टिबुकलीसारख्या पाळ्या असाव्यात. संपादकांना उभाच हवा होता. मी पाण्याखाली काढला, आडवा, मागे रेटलेल्या पायांचा, आणि तसाच छापायला लावला.

अंक घेऊन पवनारला गेलो. मामांनी पाय तपासले, मान डोलावली. मग चोचीवर बोट ठेवलं. "पाखराले दात कायले काढले बाप्पा?"

खरंच होते, म्हटलं. मासे खायचा.

"मंग बराबर हाय. बुळबुळीत मासा सुटत नसन याच्या तोंडातून."