पुण्यात घडलेली मर्सिडीज

१९९५ साली पुण्यात, टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात, मर्सिडीजची ‘डब्ल्यू १२४’ ही ई-क्लास सेडान बनू लागली. आज ती जुन्या गाड्यांच्या बाजारात शोधणारा जाणकार रंगाच्या चकाकीला भुलत नाही. तो दार लावून त्याचा भरीव आवाज ऐकतो. मग वायपर सुरू करतो. एकच वायपर, पण फिरताना काचेच्या कोपऱ्यांकडे लांबत जातो आणि ८६ टक्के काच पुसतो. एवढ्याशा गोष्टीवर इतकी मेहनत घेणाऱ्या अभियंत्यांबद्दल मनापासून आदर वाटतो.

कागदपत्रं मात्र आधी.

आरसी बुकवर बँकेचा बोजा नको. पंधरा वर्षं उलटली की आरटीओत तपासणी होऊन नोंदणी पाचच वर्षांसाठी वाढते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो.

डिझेल मॉडेलचं पाच सिलिंडरचं इंजिन दणकट. पण सस्पेन्शनचे रबरी बुश आणि इंजिनातले होज गाडी उभी असतानाही वयानं कडक होतात, चिरतात. म्हणून ‘कमी पळालेली’ गाडी चांगलीच असेल असं नाही. नियमित चालवलेली, वेळेवर ऑइल बदललेली अधिक भरवशाची. आणि गाडीची किंमत उतरली, तरी सुट्या भागांची उतरत नाही. दुरुस्तीचे पैसे सौदा ठरतानाच वेगळे काढावेत.