४०.१० म्हणजे नेमकं किती?

पावसाळ्यात सांगलीत कुणी ‘कसं काय’ विचारत नाही. ‘किती झालं’ विचारतात. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे पोरासोरांनाही पाठ. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, त्यावर काय बोलायचं.

मी नोकरीला साताऱ्यात, मावशी सांगलीत नदीकडच्या गल्लीत. तिच्या पायरीला ४१ फुटांना पाणी लागतं. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि मग तिच्या दाराकडं निघतं. म्हणजे मला साताऱ्यात तिच्या आधी कळायला पाहिजे. पण व्हॉट्सॲपवर फोटो कालचा का आजचा, पूल भिलवडीचा का अंकलीचा, कशाचा कशाला मेळ नसायचा. म्हणून २०२० मध्ये एक साधं पान करायला घेतलं. नकाशावर कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली. प्रत्येक पुलावर आकडा आणि बाण. वर म्हणजे चढतंय, खाली म्हणजे उतरतंय. बस्स.

गुगलचा नकाशा २०१८ पासून कार्ड जोडल्याशिवाय चालत नाही, म्हणून लीफलेट घेतलं. वोलोदिमिर अगाफोनकिन नावाच्या युक्रेनच्या माणसानं २०११ मध्ये ही जावास्क्रिप्ट लायब्ररी फुकट, खुली सोडली. दाबून चाळीस-बेचाळीस केबी. पुरात रेंज एका काडीवर आली तरी उतरते.

तिच्यावर मी साठ-सत्तर ओळींचं वेष्टन चढवलं. आमच्यात त्याला रॅपर म्हणतात. माझं बाकीचं पान लीफलेटशी थेट बोलतच नाही, ते फक्त वेष्टनाला सांगतं: पूल दाखव, पातळी बदल, बाण फिरव. उद्या लायब्ररी बदलली तरी एकाच ठिकाणी हात घालायचा. आणि भानगडी तिथंच मिटतात. लीफलेटला अक्षांश आधी लागतो, जिओजेसन फायलीत रेखांश आधी असतो. पहिल्या दिवशी माझी सांगली नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात गेली होती! (तिथं पूर येत नसावा.)

आता खरं सांगायचं ते. जुलै २०२१. पाणी झपाट्यानं चढत होतं. ग्रुपवर आकडे यायचे ४०.८, ४०.९ असे. सांगलीचा माणूस ते चाळीस फूट नऊ इंच असंच वाचतो. माझं वेष्टन ते दशांश म्हणून वाचत होतं, आणि मला पत्ताच नाही, कारण नऊ इंचापर्यंत बाण बरोबरच फिरतो. रात्री ४०.१० आलं. चाळीस फूट दहा इंच. संगणकाच्या हिशोबानं ४०.१० म्हणजे ४०.१. बाण खाली. जवळपास दहा इंच उतरलं म्हणून पानानं बिनधास्त सांगितलं, तेही हिरव्या रंगात.

मावशीनं अर्धी ज्वारी वर नेली होती. बाण बघून म्हणाली, आता सकाळी बघू. शेजारच्या काकांनी पुलावरून फोन केला, ‘अवो, चढतंय की!’ म्हणून माणसं तेवढी वर गेली. ज्वारी भिजली, फ्रीज गेला. पाणी पुढं ५४ च्या वर गेलं. मावशी मला एका शब्दानं बोलली नाही. ते जास्त लागलं.

चूक लीफलेटची नव्हती, आकडे टाकणाऱ्याची नव्हती. माझी होती. आता वेष्टन फूट वेगळे, इंच वेगळे घेतं. मध्ये टिंब दिसलं की आकडा घेतच नाही, इंच अकराच्या वर गेले तरी नाही. वाचन तीन तासांपेक्षा जुनं झालं की बाण गायब, राखाडी ठिपका. माहीत नसेल तर गप्प बसायचं, हे त्याला आधी शिकवायला हवं होतं.

लायब्ररीची प्रतही आता माझ्याच सर्व्हरवर ठेवलीय. जून २०२४ मध्ये पॉलिफिल नावाच्या सेवेचं झालं ते आठवतंय ना? मालक बदलला आणि लाखभर साइटवर नको तो कोड गेला.

२०२२ मध्ये नवी आवृत्ती चढवली तर नकाशाच्या कोपऱ्यात निळा-पिवळा बारका झेंडा उगवला. दोघातिघांनी विचारलं, हा कुठल्या पक्षाचा? युक्रेनचा, म्हटलं. युद्ध सुरू झाल्यावर लीफलेटवाल्यांनीच घातलाय. वेष्टनात एका ओळीत काढता आला असता. ठेवलाय.

एक मागणी मात्र सगळ्यांनी लावून धरा. पातळी जाहीर करताना फूट, इंच आणि वाचनाची वेळ तिन्ही वेगवेगळी लिहिलेली पाहिजेत. टिंब नको. केंद्राचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, आपले पुलाच्या पट्टीवर फुटात, त्यात ही टिंबाची भर कशाला?

मावशी अजून पान बघते. बघून झालं की काकांना फोन करते.