चाकांवरची करवत

चाळिशीनंतर माणसाला कसले वेड लागेल, सांगता येत नाही. मला सुतारकामाचे लागले! अण्णा हाडाचे सुतार. पण त्यांनी मला करवतीला कधी हात लावू दिला नाही. "तू शीक," एवढेच म्हणत. शिकलो, मास्तर झालो, कादंबऱ्याही लिहिल्या.

यंदा सुटीत पडवीतल्या विजेच्या करवतीसाठी मी गाडा केला. 18 मिलिमीटरचे प्लायवुड, चार चाके, जड हत्यारांसाठी तळाशी खण आणि बाजूंना मिटणाऱ्या फळ्या. उघडल्या की करवतीच्या पाटाशी अगदी समपातळीत, म्हणजे लांब लाकूड कलंडत नाही. काम संपले की गाडा भिंतीशी. सौभाग्यवतीही खूश!

अभिमानाने अण्णांना दाखवला. त्यांनी बोटाने जरासा ढकलला. गाडा सुरसुर पळाला. त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. तर्जनीचे शेवटचे पेर नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो; कारण कधी विचारले नव्हते.

"त्या दिवशी पाट सरकला होता," ते म्हणाले.

मी चारही चाके बदलून खटक्याची बसवली. आता बटण दाबण्यापूर्वी आतून अण्णांचा आवाज येतो, "खटके किती लावलेस?"

"चार, अण्णा!"

चाळिशीत माझी शाळा पुन्हा सुरू झाली आहे.